घोड्याचं वर्ष

दर महिन्याला आमची सून फेंगशुईचं चिनी भविष्य वाचते आणि मला ऐकवते. ती कन्नड माहेरची, मी मराठी. भविष्याची हौस मात्र दोघींना सारखीच. हुबळीच्या दुर्गदबैलातून आणलेला लाफिंग बुद्धा तिनंच आमच्या धारवाडच्या घरात दाराकडे तोंड करून ठेवलाय.

या महिन्यात ती गप्पच होती. खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "अत्ते, हे अग्नी-घोड्याचं वर्ष. यात जन्मलेली मुलगी नवऱ्याला जड जाते म्हणे. मी देवाला मुलगाच माग म्हटलं." तिला सातवा महिना आहे.

चिन्यांचे प्राणी १२, तत्त्वं ५. तीच जोडी ६० वर्षांनी परतते. १७ फेब्रुवारी २०२६ ला ती परतली. याच समजुतीपायी जपानमध्ये १९६६ साली जन्म सुमारे पाव हिश्श्यानं घटले होते.

मी पंचांग काढलं. आपली संवत्सरंही ६०च. यंदाच्या युगादीला, म्हणजे पाडव्याला, 'पराभव' संवत्सर लागलं. १९६६ च्या पाडव्यालाही तेच होतं.

"बघ, नाव तर याहून वाईट! आणि त्याच वर्षी श्रावणात मी जन्मले. मीही अग्नी-घोडाच. जा, मावांना विचार, जड गेले का!"

मावांनी पेपरातून डोकं न काढताच सांगितलं, "वजनानं म्हणत असाल तर हो."

ती हसली, मग डोळे पुसले.

श्रावणात माझी साठीशांत आहे. तोवर बाळ घरी आलेलं असेल. मुलगी झाली तर आमचं दोघींचं संवत्सर एकच!