मी झोपत नव्हतो

विद्यार्थी मित्रांनो, शिक्षकाने आपली चूक मुलांना सांगावी की नाही, याचा मी पुष्कळ दिवस विचार केला. शेवटी सांगायचे ठरवले. कारण तीच चूक उद्या तुमच्या हातूनही होऊ शकते.

मी मालेगावच्या एका उर्दू शाळेत मराठी शिकवते. तीन वर्षांपूर्वी माझ्या सातवीच्या वर्गात एक मुलगा होता. त्याचे नाव येथे सांगत नाही. तो पहिल्या बाकावर बसायचा. अक्षर वळणदार, उच्चार स्वच्छ. पण तास सुरू होऊन थोडा वेळ झाला की त्याच्या पापण्या खाली येत. मग तो हनुवटी वर करून, डोके मागे टाकून फळ्याकडे पाही. आमचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर होता. जिना चढून तो सर्वांच्या शेवटी वर येई आणि मधल्या सुट्टीत खाली उतरतच नसे.

एके दिवशी मी त्याला उभे केले आणि म्हटले, "काय रे कुंभकर्णा, रात्रभर जागतोस की काय?" त्याच आठवड्यात मी वर्गाला कुंभकर्णाची गोष्ट सांगितली होती. सारा वर्ग हसला. तोही थोडेसे हसला. त्या दिवसापासून मुले त्याला कुंभकर्ण म्हणू लागली. मी ते ऐकत होते. मी कोणालाही थांबवले नाही.

जानेवारी महिना आला. प्रजासत्ताक दिनाच्या कवायतीचा सराव चालू होता. तो रांगेत उभा होता तसाच खाली कोसळला. जवळच्या डॉक्टरांनी त्याची नाडी पाहिली. मिनिटाला चाळीस ठोकेसुद्धा भरत नव्हते. त्या वयाच्या मुलाची नाडी साधारणपणे साठ ते शंभर असते. डॉक्टरांनी त्याला ताबडतोब नाशिकला पाठवले आणि तेथून मुंबईला.

मुंबईच्या डॉक्टरांनी आधी त्याचे हृदय तपासले आणि मग डोळे. हृदयाला ठोका देणारा विजेचा संदेश वाटेतच अडत होता. डोळ्यांचे स्नायूही दुबळे झाले होते. पुढे रक्ताच्या आणि स्नायूंच्या तपासण्या झाल्या. कित्येक आठवड्यांनी आजाराचे नाव कळले, 'कर्न्स-सेयर'.

हे नाव मी कधी ऐकले नव्हते. मी आमच्या विज्ञानाच्या सरांकडे गेले. ते म्हणाले, "आपा, आपल्या शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत तंतुकणिका असतात. अन्न आणि प्राणवायू यांपासून त्या शक्ती तयार करतात. म्हणून त्यांना पेशीचे वीजघर म्हणतात. या मुलाच्या वीजघरातच बिघाड आहे."

मी विचारले, "मग डोळे आणि हृदयच का?"

ते हसले. "तुम्ही मालेगावच्या आहात ना? विजेचा दाब कमी झाला तर घरातला दिवा मिणमिणत का होईना, जळतो. पण माग? तो बंद पडतो. ज्याला जास्त शक्ती लागते, ते आधी थांबते. हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा धडधडते. डोळे दिवसभर हलत असतात. मेंदू आणि स्नायू यांनाही शक्ती फार लागते."

मुलांनो, ज्याला मी आळस म्हटले, तो विजेचा तुटवडा होता. तो मुलगा हनुवटी वर करून बसायचा, कारण जड पापण्यांखालून फळा दिसावा म्हणून त्याची धडपड चालली होती. बी.एड.च्या वर्षी मी मुलांच्या मनाविषयीचे सारे धडे पाठ केले होते. पण समोरच्या मुलाचे डोळे मला वाचता आले नाहीत.

त्याच्या छातीत, कातडीखाली, पेसमेकर बसवला गेला. बॅटरीवर चालणारे हे लहानसे यंत्र हृदयाला वेळेवर ठोका देते. कर्न्स आणि सेयर या अमेरिकन डॉक्टरांनी या आजाराचे वर्णन १९५८ साली प्रसिद्ध केले. योगायोग असा, की त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात स्वीडनमध्ये आर्ने लार्सन नावाच्या रोग्याच्या शरीरात जगातला पहिला पेसमेकर बसवला गेला. लार्सन यांचा आजार वेगळा होता, पण त्यांचे हृदयही असेच थबकत होते. त्यांची पत्नी डॉक्टरांच्या आणि यंत्र बनवणाऱ्या अभियंत्याच्या मागे लागली, तेव्हा कुठे ते यंत्र तयार झाले. पहिले यंत्र काही तासांतच बंद पडले. दुसरे बसवले. आयुष्यात त्यांना वीसहून अधिक यंत्रे बदलावी लागली, पण ते २००१ सालापर्यंत, वयाच्या ८६ व्या वर्षापर्यंत जगले. डॉक्टरांचे कौशल्य मोठे खरेच. पण घरचे माणूस थकले नाही, हेही तितकेच मोठे.

त्या मुलाच्या घरचे लोकही थकले नाहीत. त्याचे अब्बा मागावर काम करतात. शुक्रवारी मालेगावचे कारखाने बंद असतात, म्हणून गुरुवारी रात्रीच्या गाडीने ते मुलाला घेऊन मुंबईला जात आणि शनिवारी सकाळी पुन्हा मागापाशी उभे राहत. अम्मी बरोबर जाई. तेव्हा नववीत शिकणारी मोठी बहीण घर सांभाळी, दादीला औषध देई आणि रात्री अभ्यास करी. त्या वर्षी तिचे गुण कमी झाले. त्याबद्दल ती कधी बोलली नाही.

पण सर्वांत जड ओझे अम्मीवर होते. तंतुकणिकांचा वारसा मुलाला आईकडून मिळतो, असे कोणीतरी कुठेतरी ऐकले आणि नातेवाइकांत कुजबूज सुरू झाली, "आजार आईनेच दिला." अम्मीने जेवण टाकले. शेवटी अब्बांनी डॉक्टरांना सर्वांदेखत हा प्रश्न विचारला. डॉक्टर म्हणाले, "तंतुकणिकांचे काही आजार आईकडून येतात, काही आई-वडील दोघांकडून येतात. पण हा बिघाड बहुधा मुलात नव्याने झालेला असतो. आणि समजा, आईकडून आला असता, तरी त्यात आईचा काय गुन्हा? तिने जाणूनबुजून काही दिले का?" त्या रात्री दादीने आपल्या हाताने सुनेला जेवू घातले.

पुढे रमजान आला. मुलाने रोजा धरायचा हट्ट केला. वर्गातली सगळी मुले धरतात, मग मीच का नाही? त्याने फार वेळ उपाशी राहू नये, असे डॉक्टरांनी बजावले होते. जिथे शक्ती आधीच कमी, तिथे उपवास घातक ठरतो. अब्बांनी त्याला जवळ बसवले आणि म्हणाले, "बेटा, आजाऱ्याला अल्लाहनेच सवलत दिली आहे. ती घेण्यात कसली लाज?" मग त्याला इफ्तारचे काम मिळाले. संध्याकाळी दस्तरखान अंथरायचा, सर्वांच्या पुढे खजूर ठेवायचे आणि अजान झाली की सर्वांना हाक मारायची.

जूनमध्ये तो शाळेत परतला. मुख्याध्यापकांनी आमचा वर्ग तळमजल्यावर आणला होता. मी सर्वांसमोर त्याची माफी मागितली. खूप काही बोलायचे ठरवले होते; शब्द सुचले नाहीत. तो उभा राहिला, हनुवटी वर करून त्याने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "आपा, मी झोपत नव्हतो. मी ऐकत होतो. कुंभकर्णाची सगळी गोष्ट मला पाठ आहे."

या वेळी वर्गात कोणी हसले नाही.

यंदा तो दहावीत आहे. त्याचा आजार बरा करणारे औषध अजून निघालेले नाही. पेसमेकर ठोका देतो; वीजघर दुरुस्त करत नाही. पापण्या पूर्वीपेक्षा जड झाल्या आहेत. त्याचे मित्र पाळीपाळीने त्याचे दप्तर उचलतात आणि तो त्यांना मराठीचे निबंध समजावून देतो. उद्या काय होईल, ते त्याच्या घरचे विचारत नाहीत. आजची शक्ती कशावर खर्चायची, एवढाच हिशोब ते रोज सकाळी मांडतात.

मित्रांनो, २०१३ सालापासून 'राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम' चालू आहे. त्याचे डॉक्टर सरकारी आणि अनुदानित शाळांत येऊन मुलांची तपासणी करतात. त्या दिवशी गैरहजर राहू नका. धाप लागत असेल, चक्कर येत असेल, तर लपवू नका. आणि तुमच्या वर्गात एखादा मुलगा जिन्यात सर्वांच्या मागे राहत असेल, तर त्याला नाव ठेवण्याआधी एक पायरी खाली उतरा आणि विचारा, "काय होतंय तुला?"

मी हे विचारले नव्हते. तुम्ही विचाराल ना?