नातवंडांसह घारापुरी

आमच्या नेरूळच्या घरापासून घारापुरीचें बेट सरळ रेषेनें मोजलें तर चार-साडेचार कोसांवर आहे. अटल सेतूवरून मोटार धावूं लागली कीं त्याच्या दोन टेकड्या पाण्यांतून वर आलेल्या दिसतात. कागदोपत्रींहि तें मुंबईचें नसून आमच्या बाजूच्या उरण तालुक्यांतलें. तथापि आम्ही गेलों तें उलट दिशेनें. प्रथम हार्बरच्या लोकलनें मुंबईस, तेथून गेटवेच्या धक्क्यावर आणि मग तासाभर लाँचमध्यें. म्हणजे शेजारच्या घरीं जावयाचें तें साऱ्या गांवाला वळसा घालून!

शिक्षकीच्या काळांत मुलांच्या सहलीबरोबर मी निदान पंधरा वेळां तेथें गेलों असेन. सौभाग्यवती मात्र एकदांहि आली नव्हती. दर वेळीं डबे तिनें भरून द्यावे आणि संध्याकाळीं मीं वर्णन करून सांगावें, अशी आमची वहिवाट. यंदा तिनें सुनेजवळ गोष्ट काढली, तीहि माझ्या माघारीं. “गुडघे चालताहेत तोंवर ती त्रिमूर्ति एकदां डोळ्यांनीं बघायची आहे,” असें ती म्हणाली म्हणे. हें ऐकून मला जें वाटलें तें येथें लिहीत नाहीं.

माघांतला रविवार ठरला. (सोमवारीं लेणीं बंद असतात, हें निघण्यापूर्वीं ध्यानांत ठेवावें.) धक्क्यापासून पायथ्यापर्यंत लहानशी आगगाडी आहे, मुलांना लेण्यांपेक्षां तिचेंच अप्रूप अधिक. पुढें सुमारें सव्वाशे पायऱ्या, दोहों बाजूंना दुकानें. वृद्धांसाठीं खुर्चीच्या डोल्या मिळतात. सौभाग्यवतीनें ती मानली नाहीं, दोनदां बसून ती चढून आली. वर माकडांनीं सूनबाईंच्या हातांतील चिवड्याची पिशवी इतक्या सफाईनें लांबविली कीं पिशवी गेल्याचें आम्हांला माकड झाडावर बसल्यावर कळलें. खाण्याचे पदार्थ तेथें हातांत धरून चालूं नये.

लेण्यांत शिरतांच शिकवूं लागूं नये, ही अक्कल मला पंधरा फेऱ्यांनंतर आली. बाहेरच्या उन्हांतून आलेल्या डोळ्यांना आंत प्रथम कांहींच दिसत नाहीं. क्षणभर उभें राहावें. मग खांबांच्या ओळी एकामागून एक अंधारांतून पुढें येतात आणि दक्षिणेच्या भिंतींतून सदाशिवाचीं तीन मुखें हळूहळू उजळूं लागतात. मूर्ति अठरा फूट उंच, अखंड कातळांतली. मी सवयीप्रमाणें सांगूं लागलों कीं, लोक हिला ब्रह्मा-विष्णु-महेश समजतात तें बरोबर नव्हे, हीं तिन्ही शिवाचींच मुखें. आपल्या डावीकडचें उग्र तें अघोर, मधलें शांत तें तत्पुरुष, उजवीकडचें कोमल तें वामदेव. “जरा थांबा,” सौभाग्यवती म्हणाली, “मला बघूं द्या.” मी गप्प राहिलों. ती तेथें पाऊण तास बसली.

तेवढ्यांत मुलांना मीं शिवपार्वतीच्या विवाहाचा देखावा दाखविला. थोरली नात आठवींत आहे. वधू वराच्या उजव्या हाताला उभी आहे हें तिनें आपण होऊन ओळखलें. गेल्या वैशाखांत आत्याचें लग्न तिनें लक्ष देऊन पाहिलें होतें. होमाजवळ बसलेला पुरोहित म्हणजे साक्षात् ब्रह्मदेव, हें सांगतांच तिला हसूं आवरेना.

धाकट्याचें लक्ष मात्र मूर्तींच्या मुखांकडे नव्हतें, मोडलेल्या अवयवांकडे होतें. “आजोबा, ह्यांचे हातपाय कोणी तोडले?”

“पोर्तुगीजांनी,” मी म्हणालों. हें उत्तर मीं वर्गांत इतक्या वेळां दिलें होतें कीं तें पाढ्यासारखें जिभेवर बसलें होतें.

पुढें पांच मिनिटांनीं पाहतों तों चिरंजीव एका खांबाआड बसून हातांतल्या खड्यानें दगडावर आपल्या नांवाचें पहिलें अक्षर उमटवीत आहेत! सूनबाईंनीं हात धरून त्याला ओढलें. तो रडवेला होऊन म्हणाला, “पण हें तर आधींच तुटलेलं आहे!”

मला उत्तर सुचेना. माझ्या एका शब्दावरून त्याला एवढेंच समजलें होतें कीं मोडतोड हें परक्यांचें काम, आणि तें केव्हांच होऊन गेलें आहे.

मग त्याला बाहेर पायरीवर घेऊन बसलों आणि जें इतकीं वर्षें पोरांना सांगितलें नाहीं तें सांगितलें. इ.स. १५३४ मध्यें गुजरातच्या बहादुरशहानें तहानें हा मुलूख पोर्तुगीजांना दिला, आणि त्यांच्या हातून मूर्तींची नासधूस झाली हें खरेंच. परंतु त्याच सुमारास हिंदुस्थानांत उतरलेला त्यांचा वैद्य गार्सिया द ओर्ता हा गोव्यांत १५६३ सालीं छापलेल्या आपल्या ग्रंथांत सांगतो कीं, गुरें आंत शिरत असल्यामुळें लेण्याची खराबी झाली. तीं गुरें हांकणारे कांहीं लिस्बनहून आलेले नव्हते. शिवाय दर पावसाळ्यांत झिरपणारें पाणी आहेच. धक्क्याजवळ पूर्वीं एक प्रचंड दगडी हत्ती उभा होता, ज्यावरून पोर्तुगीजांनीं बेटाला ‘एलिफंटा’ नांव दिलें. १८६४ मध्यें इंग्रजांच्या अमदानींत तो हलविण्याच्या खटपटींत फुटला.

सर्वांत अधिक हळहळ मला एका शिलालेखाची वाटते. पोर्तुगीज इतिहासकार दिओगु द कौतु सांगतो कीं, येथला एक कोरीव लेख काढून पोर्तुगालच्या राजाकडे पाठविला, परंतु तो वाचणारा कोणी मिळाला नाहीं. पुढें तो दगडहि नाहींसा झाला. हें लेणें कोणीं खोदविलें, हें म्हणूनच आज कोठेंहि लिहिलेलें सांपडत नाहीं. बेटावर मिळालेल्या नाण्यांवरून कलचुरि राजा कृष्णराजाच्या काळचें, म्हणजे सहाव्या शतकाच्या मध्याचें, असें विद्वान् अनुमान करितात. ज्यानें हा डोंगर पोखरविला त्याचें नांव तेवढें गेलें.

“आणि माझं अक्षर?” धाकट्यानें हळूच विचारलें.

आम्ही दोघे परत आंत गेलों. खडा ठिसूळ होता. नुसती पांढरी रेघ उठली होती, ती रुमालानें पुसली गेली. बाजूच्या खांबावर मात्र खोल कोरलेलीं तीन-चार नांवें होतीं, चांगल्या वळणदार देवनागरींत. तीं त्यानें मोठ्यानें वाचलीं. त्या वळणाचे धडे कोणा मास्तरनेंच दिले असतील, असें माझ्या मनांत आल्यावांचून राहिलें नाहीं.

परततांना लाँचमध्यें वारा सुटला होता. सौभाग्यवती बेटाकडे तोंड करून बसली होती. “तुम्ही सांगत होतां तशी नाही ती,” एवढेंच ती म्हणाली. अधिक विचारण्याचा धीर मला झाला नाहीं.

धाकट्याला हत्तीचें काय झालें तें हवें होतें. तुकडे जोडून त्याला भायखळ्याच्या जिजामाता उद्यानाशेजारीं भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारांत उभा केला आहे, हें कळतांच त्यानें पुढचा रविवार ठरवून टाकला.

“मीहि येणार,” सौभाग्यवती म्हणाली. “डबे मात्र ह्या खेपेस तुम्ही भरा.”