तान्ह्या लेकीसह भंडारदऱ्याला एक रात्र

प्रवरेच्या पाटाचे पाणी तुमच्या उसाला येत असेल. पण ते जिथून सुटते ते भंडारदऱ्याचे धरण पाहिले आहे का? अकोले तालुक्यातले हे दगडी धरण १९२६ साली पुरे झाले. गेल्या पौषात गव्हाचे पाणी आटोपले, तसे आम्ही सात महिन्यांच्या लेकीला घेऊन जलाशयाच्या काठी तंबूत राहायला गेलो. "चांगले घर सोडून पालात निजायची हौस कसली?" सासूबाई म्हणाल्या. पण कानटोपी नि गोधडी त्यांनीच बांधून दिली.

रतनगडाकडे सूर्य कलला आणि वारे बोचू लागले. तंबूवाल्या पोराने आपुलकीने निखाऱ्यांची शेगडी आत आणून ठेवली. मलाही बरे वाटले. ह्यांनी मात्र ती लगेच बाहेर नेली. कोळशाचा विषारी वायू ना दिसतो, ना त्याला वास. बंद जागेत माणूस झोपेतच जातो. बाळंतिणीच्या खोलीत आपण शेगडी ठेवतो, तिथेही दार-खिडकी उघडी असू द्या आणि निजण्याआधी ती बाहेर काढा.

लेकीला अंगड्यांवर स्वेटर चढवला. बाळाचे हात गार लागले म्हणून घाबरू नका. मानेमागे हात लावून पाहा, तिथे ऊब असली की पुरे. तोंडावर पांघरूण नको. रात्री दोनदा उठली, अंगावर प्याली, निजली. पहाटे पाण्यावरचे धुके पाहून तिने असा काही हुंकार दिला, की शेजारच्या तंबूतले हसले.

सासूबाईंना शेगडीचे अजून सांगितलेले नाही.