शहराच्या पोटातले गाव

अहमदाबाद म्हटले की आपल्याकडच्या माणसाला पहिल्याने आठवतात त्या कापडाच्या गिरण्या आणि साबरमतीचा आश्रम. गिरण्यांचे भोंगे आता बहुतेक थांबले. आश्रम पाहायला लोक येतात, तास-दोन तास थांबतात आणि परतीची गाडी धरतात. पण साबरमतीच्या पूर्व काठाला, जुन्या कोटाच्या आत, आणखी एक अहमदाबाद आहे. ते मोटारीतून दिसत नाही, रिक्षातूनही दिसत नाही. ते पायांनीच पाहावे लागते, आणि तेही कुणा माहीतगाराच्या मागून. शेतीवाडी करणाऱ्या कुटुंबाने ते मुद्दाम पाहावे, असे आम्हाला वाटते. का, ते सांगण्यासाठीच हा लेख.

हे शहर अहमदशहाने १४११ साली वसवले. त्याचा जुना भाग लोकांना नीट दाखवावा म्हणून तिथल्या महापालिकेने १९ नोव्हेंबर १९९७ रोजी पायी फेरी सुरू केली. काळुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून सकाळी निघायचे आणि गल्लीबोळांतून चालत जामा मशिदीपाशी थांबायचे, असा हा दोन-अडीच तासांचा रस्ता. बरोबर वाटाड्या असतो. तो नसेल तर पहिल्या दहा मिनिटांतच नवखा माणूस कुणाच्या तरी अंगणात जाऊन उभा राहील! २०१७ साली युनेस्कोने या जुन्या शहराला जागतिक वारशाचा मान दिला. भारतातल्या शहरांत हा मान मिळवणारे अहमदाबाद पहिले.

फेरीची सुरुवात होते ते मंदिर १८२२ सालचे. ब्रह्मदेशी सागवानावर केलेले कोरीव काम आणि त्यावरचे रंग पाहून माणूस मान वर करून उभाच राहतो. तिथून रस्ता ओलांडून आत शिरले की लंबेश्वरची पोळ लागते.

पोळ म्हटल्यावर आपल्याला देवाला सोडलेला बैल आठवेल, नाहीतर झाडावरचे मधमाश्यांचे पोळे. पहिल्याशी इथल्या पोळेचा संबंध नाही. दुसऱ्याशी मात्र तिचे रूप जुळते. एकाला एक चिकटलेली घरे, दोन घरांत एकच भिंत, मध्ये जेमतेम दोन माणसे शेजारून जातील एवढी वाट, आणि सगळ्या वस्तीला मिळून एक दरवाजा. मूळ शब्दाचा अर्थच मुळी वेस असा आहे. अशा सहाशेच्या आसपास वस्त्या या शहरात असल्याचे सांगतात. मुहूर्त पोळ ही त्यांतली सर्वांत पहिली मानली जाते.

आपल्या गावाला वेस, पोळेलाही वेस. आपल्याकडे पंच, तिथेही पंच. रात्री दरवाजा लावायचा, राखणदार ठेवायचा आणि त्याचा पगार सगळ्यांनी मिळून द्यायचा. पूर्वी घर विकायचे किंवा गहाण टाकायचे झाले तर आधी पोळेतल्या माणसांना विचारावे लागे. बाहेरच्याचा विचार नंतर. विक्री झाली की ठरलेली रक्कम पोळेच्या फंडात जमा व्हायची. लग्नकार्यातही काही देणे असे. त्या पैशातून दरवाजाची दुरुस्ती आणि राखणदाराचा खर्च भागे. दंगाधोपा झालाच, तर एका पोळेतून दुसऱ्या पोळेत निसटायला चोरवाटाही ठेवलेल्या. वाटाड्या अशा एका वाटेतून नेतो, तेव्हा पुढे रस्ता असेल यावर आपला विश्वासच बसत नाही.

लंबेश्वरच्या पोळेत एका घराच्या ओट्यावर कवी दलपतराम बसलेले दिसतात. हा त्यांचा धातूचा पुतळा. उंच चौथरा नाही, भोवती कुंपण नाही. शेजारी आलेल्या माणसासारखे ते बसले आहेत. गुजरातीतल्या या थोर कवीचा काळ १८२० ते १८९८. त्यांचे घर याच जागी होते. परदेशी यंत्रांनी देशी कारागिरांच्या पोटावर कसा पाय आणला, हा विषय त्यांनी १८५१ सालच्या एका काव्यात मांडला होता. मोठ्या माणसाला आपल्यातला म्हणून ओट्यावर बसवावे, ही कल्पना आपल्या गावांनीही उचलण्याजोगी आहे.

थोडे पुढे चौकात एक उंच खांब दिसतो. त्याच्या माथ्यावर छोटी नक्षीदार छत्री. हा चबुतरा. इथे पाखरांसाठी रोज दाणे टाकतात. पोळेत झाडांना जागा नाही, मग पाखरांनी जावे कुठे? म्हणून लोकांनी पाखरांचे घर बांधून दिले, तेही मांजर चढणार नाही इतके उंच. ज्वारीच्या रानात गोफण फिरवून पाखरे हाकणाऱ्या आपल्याला याचे हसू येईल. पण खळ्यावर रास झाली की पाखरांचा वाटा ठेवायची रीत आपल्या आजा-पणजांचीही होतीच की!

आता ज्या गोष्टीसाठी हा सारा खटाटोप सांगितला, तिच्याकडे येऊ. पोळेतले घर समोरून अरुंद आणि आत खोल असते. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती. उजेड-वारा येणार तो मधल्या चौकातूनच. या चौकाच्या फरशीखाली असते पाण्याचे टाके. आपल्या गडकिल्ल्यांवर खडकात खोदलेली टाकी आपण पाहतो. इथे तेच टाके घराच्या पोटात आहे. छपरावरचे पावसाचे पाणी नळीने खाली उतरते आणि टाक्यात साठते. आतून चुन्याचा गिलावा. तोंड लहान आणि त्यावर घट्ट झाकण. उजेड आत जात नाही, म्हणून शेवाळ धरत नाही. पावसाळ्याआधी छप्पर झाडून घ्यायचे, पहिल्या पावसाचे पाणी बाहेर सोडून द्यायचे आणि मग नळी टाक्याकडे वळवायची. हे पाणी पिण्याला आणि स्वयंपाकाला. पावसाच्या पाण्यात डाळ लवकर शिजते, हे घरच्या बायकांना शिकवायला नकोच.

अहमदाबादचा वर्षाचा पाऊस सरासरी ८०० मिलिमीटरच्या आसपास. आपल्या दुष्काळी तालुक्यांत तो कमी. तरी हिशोब करून पाहा. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. घराचे छप्पर ५० चौरस मीटर आणि पाऊस ६०० मिलिमीटर धरला तर ३०,००० लिटर पाणी होते. त्यातला पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले तरी २४,००० लिटर उरते. पाच-सहा माणसांच्या घरात पिण्याला आणि स्वयंपाकाला दिवसाला ६० लिटर पाणी धरा. उन्हाळ्याच्या चार महिन्यांना ते ७,२०० लिटर होते. एवढे पाणी मावेल असे टाके असले, तर टँकरची वाट पाहत रस्त्यावर हंडे मांडायची पाळी त्या घरावर येणार नाही. थेंबे थेंबे तळे साचे, हे आपण पोरांना पाठ करायला लावतो. पोळेतल्या लोकांनी ते चौकाखाली बांधून ठेवले. पुढे घरोघरी नळ आले आणि पुष्कळ टाकी विसरली गेली. काही मात्र अजून वापरात आहेत.

दुसरी शिकण्याजोगी गोष्ट भिंतींत आहे. या घरांच्या विटांच्या भिंतींत ठरावीक अंतरावर लाकडी तुळया घातलेल्या असतात, आणि खांब-तुळयांचा सांगाडा सगळ्या घराला बांधून धरतो. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात अहमदाबादेत अनेक नव्या उंच इमारती कोसळल्या. पण लाकडाने बांधलेली पुष्कळ जुनी घरे तगली. भुईला हिसका बसला की लाकूड थोडे हलते आणि भिंत एकदम फुटू देत नाही. १९९३ साली किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींखाली आपली माणसे गाडली गेली, हे दुःख मराठवाडा विसरलेला नाही. भिंत जाड असून भागत नाही, ती बांधलेली असावी लागते, हा धडा या गल्लीत उभे राहिल्यावर नीट उमजतो.

चालता चालता आपल्या ओळखीच्या खुणाही भेटतात. हाजा पटेलच्या पोळेत काळ्या रामाचे मंदिर आहे. नाव ऐकताच नाशिक आठवते. १७५८ पासून १८१७ पर्यंत या शहरावर मराठ्यांचा अंमल होता. पेशवे आणि गायकवाड यांनी ते वाटून घेतले होते. गायकवाडांची हवेली आजही शहरात आहे. पुढच्या काळात रत्नागिरीकडचे मूळ असलेले गणेश वासुदेव मावळणकर इथेच वकिली करीत होते. हेच स्वतंत्र भारताच्या लोकसभेचे पहिले अध्यक्ष. वाटेत हरकुंवर शेठाणीची मोठी हवेली लागते. पती हठीसिंग वारल्यावर या बाईंनी त्यांनी सुरू केलेले जैन मंदिर १८४८ साली पुरे करून दाखवले. त्या काळात एका विधवा बाईने एवढे काम तडीस नेले, हे आपल्या लेकीसुनांना आवर्जून सांगावे.

शेवटी माणेक चौक येतो. सकाळी इथे भाजीबाजार, दुपारी सोन्याचांदीचा व्यवहार आणि रात्री खाण्याच्या गाड्या. जागा एकच, पण तीन वेळांना तीन धंदे. शेजारीच अहमदशहाची आणि त्याच्या राण्यांची थडगी आहेत. राण्यांच्या थडग्यांभोवती बायकांच्या कपड्यांचा बाजार भरतो. जवळच १४२४ साली पुरी झालेली जामा मशीद. २६० खांबांचे ते दालन पाहताना देवळे बांधणाऱ्या हातांची ओळख पटते. १८१९ च्या भूकंपात तिच्या मिनारांची मोठी हानी झाली. पण बाकीची वास्तू उभी आहे. मंदिरापाशी निघून मशिदीपाशी पोचणारी ही वाट एवढी आखूड आहे की वाटेत तहानही लागू नये!

मात्र हे सारे गोडच आहे असे नाही. फेरीत कितीतरी दरवाजांना कुलपे दिसतात. मुले नदीपलीकडच्या नव्या वसाहतींत राहायला गेली. भावाभावांत हिस्से पडले; घर एकाचे नाही म्हणून डागडुजी कुणीच करीत नाही. मग एक दिवस कोरीव खांब, दारे आणि तुळया जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे जातात, आणि खाली राहते ते नुसते भगदाड. वाचताना हे आपल्याच गावातल्या वाड्याचे वर्णन वाटले, तर नवल नाही. पडक्या वाड्याचा दरवाजा मोठ्या शहरातल्या हॉटेलात शोभेला लागतो, आणि त्या घरची मुले पत्र्याच्या खोलीत उन्हाळा काढतात.

जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. मुंबईहून आणि पुण्याहून अहमदाबादला रेल्वे आहे; खानदेशातल्या मंडळींना सुरतमार्गे सोयीचे पडते. अहमदाबादचे मुख्य स्टेशन काळुपुरातच आहे, आणि स्वामिनारायण मंदिर तिथून जवळ. फेरीची वेळ आणि फी निघण्याआधी विचारून घ्यावी. थंडीचे दिवस चांगले. देवळांत आणि मशिदीत चपला काढाव्या लागतात, तेव्हा पायांत सहज निघेल असे काही घालावे. आणि एक लक्षात असू द्या : ओट्यावर गहू निवडत बसलेली बाई हे प्रेक्षणीय स्थळ नव्हे. तिच्या दारातून आपण जातो आहोत. फोटो काढायचा तर आधी विचारावे.

ज्यांना तिकडे जाणे जमणार नाही, त्यांनी निदान आपल्या गावात अशी एक फेरी काढावी. शाळेतली मुले घ्यावीत आणि पुढे एखाद्या म्हाताऱ्या माणसाला घ्यावे. वेस, आड, बारव, चावडी, देऊळ, दर्गा आणि जुना वाडा दाखवत जावे. आड का आटला, वाड्याचे पाणी कुठे जायचे, कोणते लाकूड अजून खणखणीत आहे, हे त्याला विचारावे आणि वहीत लिहून ठेवावे. आणि जुने घर पाडायचे ठरलेच असेल, तर पहार लावण्याआधी एकदा त्याच्या पोटात शिरून पाहावे. तिथे काय काय आहे हे सांगणारी माणसे अजून आहेत, तोवर हे काम उरकून घ्यावे.