सहा सिलिंडरांचा ताळेबंद

सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि 1947 पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लर समूहाच्या मोटारी जोडून बाहेर पडू लागल्या. प्लिमथ, डॉज, डिसोटो ही नावे त्या पिढीला तोंडपाठ होती. बडनेऱ्याच्या जुन्या वस्तीतील एका कापूस-व्यापारी घराण्यात 1952 सालची अशीच एक डॉज किंग्जवे आली. पेढी केव्हाच मिटली, वाड्याच्या वाटण्या झाल्या. गाडी मात्र वाटता येईना, म्हणून ती तिघा नातवांच्या सामाईक मालकीची राहिली.

गेली काही वर्षे तिचे इंजिन चढावर दमू लागले होते. उभ्या गाडीतही त्याचा ठेका चुकत असे. अमरावतीच्या एका वर्कशॉपने ‘फुल इंजिन’ करण्याचा अंदाज दिला तो 2,60,000 रुपयांचा. सहा पिस्टन, रिंगा, बेअरिंगचे संच परदेशातून मागवायचे, ब्लॉक बोअर करायचा, क्रँक घासायचा. धाकट्या भावाचे म्हणणे असे, की एवढ्या पैशांत गाडी विकलेली बरी. मुंबईचा एक संग्राहक विचारतही होता. मधल्याच्या मुलाने तिसरा मार्ग सुचवला: चार सिलिंडरांचे जुने डिझेल इंजिन बसवावे आणि मोकळे व्हावे. अखेर तिघांत ठरले ते असे: दीड लाख रुपयांच्या आत इंजिन उभे राहिले तर गाडी राहील, नाही तर जाईल. हिशेब मांडण्याचे काम थोरल्याकडे आले.

डिझेलचा प्रस्ताव तसा परका नव्हता. पेट्रोल महागल्यावर कित्येक मोठ्या अमेरिकन गाड्यांच्या पोटात डिझेल इंजिने गेली. तो व्यवहार त्या काळी शहाणपणाचाच होता. आज मात्र हिशेब बदलला आहे. 2021 च्या जुलैत केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी हवी असेल, तर गाडी मूळ स्वरूपात असावी लागते. सांगाड्यात किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला चालत नाही. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये, मुदत दहा वर्षे. अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, हेही त्याच नियमांत आहे. म्हणजे डिझेल घालून इंधनाचे पैसे वाचवायचे कोठे? चालवायची ती वर्षातून चार वेळा. थोरल्या बंधूंनी तो रकाना कोरा सोडला.

उरला प्रश्न मूळ इंजिनाचा. हे इंजिन फार साध्या बांधणीचे आहे. सहा सिलिंडर एका ओळीत, प्रत्येकाचा व्यास सव्वातीन इंच, पिस्टनची धाव चार पूर्णांक तीन अष्टमांश इंच. एकूण आकारमान 217.8 घन इंच, म्हणजे सुमारे 3.6 लिटर. व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून ब्लॉकमध्येच सिलिंडरांच्या कडेला उभे असतात, त्यामुळे हेड म्हणजे केवळ एक जाड झाकण. ठिणगीचा क्रम 1-5-3-6-2-4. बेअरिंग सुट्या शेलचे आणि तेल पंपाच्या दाबाने पोहोचणारे. त्याच काळातील शेवरोलेच्या 216 घन इंची इंजिनात कनेक्टिंग रॉडला ओतीव पांढऱ्या धातूचे बेअरिंग असे. ते ओतणारा कारागीर आज शोधावा लागतो. त्या मानाने डॉजचा मालक सुखी म्हणायचा.

बडनेऱ्यात एक वृद्ध मिस्त्री आहेत. तरुणपणी त्यांनी फार्गो आणि डॉजचे पेट्रोल ट्रक खोलले होते. आता हात कापतो, पण कान शाबूत आहे. अंदाजपत्रकाचा कागद त्यांनी वाचलाही नाही. म्हणाले, “भाऊ, पह्यले मोजू द्या, मंग खोलू.” या एका वाक्याने पुढचा सारा खर्च ठरला.

मोजणी अशी झाली. इंजिन गरम करून सहाही प्लग काढले, कार्ब्युरेटर पूर्ण उघडा ठेवला आणि एकेका सिलिंडरला दाबमापक लावून सेल्फ मारला. पहिल्या चारांचे आकडे आले 108, 105, 106 आणि 101 पौंड. पाचव्याचा 74, सहाव्याचा 58. नंतर या दोहोंत चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजले. रिंगा झिजल्या असतील तर तेलामुळे फट तात्पुरती बुजते आणि दाब चांगलाच चढतो. येथे तो जेमतेम चार पौंडांनी वाढला. म्हणजे रोग रिंगांचा नव्हता.

खात्रीसाठी मिस्त्रींनी शेजारच्या टायरवाल्याचा कॉम्प्रेसर आणवला. पिस्टन वरच्या टोकाला, दोन्ही व्हॉल्व्ह बंद, अशा स्थितीत प्लगच्या भोकातून हवा सोडायची आणि ती कोठून निसटते ते ऐकायचे. कार्ब्युरेटरमधून सुस्कारा आला तर आतला व्हॉल्व्ह, तेल ओतण्याच्या तोंडातून आला तर रिंगा, शेजारच्या प्लगमधून आला तर हेड गॅस्केट. सुस्कारा आला सायलेन्सरच्या नळीतून, दोन्ही वेळा. पाचव्या आणि सहाव्याचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळले होते. या साऱ्याला एक सकाळ लागली आणि टायरवाल्याच्या पोराला चहा पाजावा लागला. 2,60,000 रुपयांचा अंदाज देणाऱ्यांनी यातले काहीच केले नव्हते. त्यांनी गाडीचे वय पाहून आकडा लिहिला होता.

परंतु मागचेच दोन व्हॉल्व्ह का जळावेत, हे शोधल्याविना नवे व्हॉल्व्ह बसवणे म्हणजे बुडीत खात्याला पुन्हा कर्ज देणे. या इंजिनाचे एक मर्मस्थान आहे. पाण्याच्या पंपामागून ब्लॉकच्या आत, थेट शेवटच्या सिलिंडरापर्यंत, पातळ पत्र्याची एक चपटी नळी जाते. तिच्या भोकांतून थंड पाणी प्रत्येक एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बाजूला सोडले जाते. ही नळी गंजून सडली, की पाणी पुढच्या पुढेच फिरते आणि मागचे सिलिंडर तहानलेले राहतात. तापमानाचा काटा मात्र निर्धास्त असतो. वऱ्हाडचा मे महिना, सावलीत 45 अंश, आणि मागच्या दोन सिलिंडरांना पाणी नाही! व्हॉल्व्ह जळले नसते तरच नवल.

आता अंदाजपत्रकाला आकार आला. गॅस्केटचा पूर्ण संच 22,000, सहा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह 12,000, व्हॉल्व्हच्या बैठका घासणे आणि हेड सपाट करणे 15,000. पाण्याच्या पंपाचे सामान 9,000. रेडिएटर साफ करणे 6,000, तेल आणि किरकोळ 7,000. मिस्त्री आणि मदतनिसाची मजुरी 25,000. यात घासाघीस करायची नाही, असे थोरल्यांनी कागदावरच लिहून ठेवले. नळीसाठी धरले 2,000, कारण ती अमरावतीचा पत्रेकाम करणारा पितळेत वाकवून देणार होता. कार्ब्युरेटर आणि इंधनपंपाच्या संचाला 8,000. ही रक्कम धाकट्याला उधळपट्टी वाटली. मात्र आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असते. जुन्या रबरी पडद्यांना ते सोसत नाही, आणि इंधनपंपाचा पडदा फाटला तर पेट्रोल तेलात उतरून बेअरिंगचा घास घेते. शिशाची चिंता मात्र करावी लागली नाही. 2000 साली देशभर शिसेविरहित पेट्रोल आले तेव्हा अनेक जुन्या इंजिनांच्या बैठका धोक्यात आल्या. या इंजिनात एक्झॉस्टच्या बैठका मुळातच कठीण धातूच्या, वेगळ्या बसवलेल्या आहेत.

बेरीज 1,06,000. राखीव 30,000. तरीही मर्यादेत 14,000 शिल्लक.

राखीव रकमेवरून दोन दिवस वाद चालला. हेड उघडतेच आहे तर बोअर करून नवे पिस्टनही टाकावेत, असे मधल्याला वाटू लागले. मोह स्वाभाविक होता. स्वस्तात सुटल्यावर माणसाचा हात सैल होतो. परंतु बोअर म्हणजे ब्लॉकचे मुद्दल खाणे. सिलिंडर मूळ मापापेक्षा 20, 30, 40, फार तर 60 थाउ, म्हणजे इंचाचे हजारावे भाग, मोठा करता येतो. पुढे स्लीव्ह ठोकण्यावाचून गत्यंतर नाही. शेवटी अट घातली गेली: हेड उतरल्यावर सिलिंडरची झीज 10 थाउंच्या वर निघाली तरच बोअरचा विषय काढायचा. गरम इंजिनात तेलाचा दाब 40 पौंड मिळत होता, म्हणून क्रँकला हात लावायचा नाही. फक्त दोन बेअरिंगच्या टोप्या उघडून पाहायच्या.

हेड उतरले. झीज सर्वाधिक निघाली ती सहाव्या सिलिंडरात, 6 थाउ. दोन व्हॉल्व्हच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या. बेअरिंगचे शेल करडे, गुळगुळीत, ओरखड्याविना होते. धाकट्या भावाने ते बोटाने चाचपून पाहिले आणि मुंबईच्या संग्राहकाला काय कळवायचे ते थोरल्यांवर सोपवले.

मग रेडिएटर आणि पंप काढून मिस्त्रींनी तारेचा आकडा ब्लॉकमध्ये घातला. नळी अखंड येणार नाही, हे त्यांनी आधीच सांगितले होते. तीन तुकडे बाहेर आले, आणि त्यांच्यामागून ओंजळभर लाल गाळ. मागचा तुकडा असा नव्हताच. तुकडे क्रमाने वर्तमानपत्रावर जुळवून त्यांची लांबी आणि भोकांतील अंतर मोजले गेले, आणि त्याच कागदाची गुंडाळी दुपारच्या बसने अमरावतीच्या पत्रेकामवाल्याकडे रवाना झाली.