आगबोटीवरील सोवळें

अलास्काच्या किनाऱ्यानें हिंडणाऱ्या पुष्कळशा प्रवासी आगबोटी अमेरिकेंतील सिऍटल बंदरांतून सुटतात व सात दिवसांनीं तेथेंच परत येतात. (आतां त्यांत कोळसा जळत नाहीं, तरी ‘आगबोट’ हा शब्द आमच्या जिभेवरून उतरत नाहीं.) ज्यूनो, स्कॅग्वे, केचिकन हीं गांवें, हिमनद्यांनीं वेढलेलें ‘ग्लेशियर बे’ नांवाचें आखात आणि परततांना कॅनडांतील व्हिक्टोरिया बंदर, असा आमचा मार्ग होता. चिरंजीवांच्या आग्रहावरून आम्हीं व आमच्या धाकट्या भगिनीनें हा प्रवास केला. हिमशिखरांचीं वर्णनें वाचकांनीं अनेक वाचलीं असतील. आम्हांस सांगावयाचें आहे तें जहाजावरील अन्नपाण्याविषयीं. कारण प्रवासाच्या तिसऱ्याच दिवशीं तें जहाज सुतकांत बसलें.

दोन हजारांवर उतारू आणि हजाराच्या घरांतील नोकरमंडळी, असें तें एक तरंगतें गांव होतें. पहिले दोन दिवस भोजनगृह पाहून भगिनीच्या कपाळास आठ्या पडल्या होत्या. पदार्थ ओळीनें मांडून ठेवलेले. ज्यानें त्यानें चिमटा उचलावा व आपलें ताट भरून घ्यावें. “दादा, खरकट्या हातानें वाढून घेणें म्हणतात तें हेंच कीं!” असें ती म्हणाली, तेव्हां आम्हीं हसून तो विषय सोडला. तिसरे दिवशीं सकाळीं कप्तानांनीं ध्वनिक्षेपकावरून सांगितलें कीं, वांति व अतिसार यांचे रोगी वाढत आहेत. ज्यांस तसें होईल त्यांनीं तत्काळ दवाखान्यास कळवावें.

दुपारपर्यंत भोजनगृहाचें रूप पालटलें. चिमटे व डाव नाहींसे झाले. हातमोजे घातलेले वाढपी पदार्थांपुढें उभे राहिले. आम्हीं बोट दाखवावें आणि त्यांनीं वाढावें. मेजावरील मिठा-मिऱ्यांच्या कुप्या, पावाच्या टोपल्या, पदार्थांच्या याद्या उचलल्या गेल्या. कांटे-चमचे रुमालांत गुंडाळून मिळूं लागले. वाचनालयांतील पुस्तकें व पत्त्यांचे जोड कपाटांत बंद झाले. जिन्याचे कठडे आणि दारांच्या मुठी एक माणूस पुसून जाई तों दुसरा येई. दारांतच हात धुण्याच्या जागा होत्या. तेथें उभी असलेली एक मुलगी साबण लावल्याखेरीज कोणास आंत सोडीत नसे, मग तो केवढाही श्रीमंत असो! आपली बाटली थेट नळाखालीं धरण्यासही मनाई झाली. कारण बाटलीचें तोंड ओठांस लागलेलें, तें नळास लागलें कीं मागून येणाऱ्या शंभर जणांस पोंचलें. जन्मभर वरून पाणी पीत आलेल्या आमच्या भगिनीस याचें कारण कोणी समजावून द्यावें लागलें नाहीं.

अशा साथींचें मूळ बहुधा नोरोव्हायरस नांवाचा विषाणु असतो. त्याच्या नांवांत एक शाळा दडलेली आहे, याचें आम्हां मास्तरांस विशेष वाटतें. १९६८ सालीं ओहायो राज्यांतील नॉरवॉक गांवच्या एका प्राथमिक शाळेंत अशी साथ येऊन सुमारें निम्मी शाळा आजारी पडली. तेथें घेतलेल्या नमुन्यांवरून आल्बर्ट कापिकियन यांनीं १९७२ मध्यें हा विषाणु इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं दाखवून दिला. त्याचे अत्यल्प कण पोटांत गेले तरी पुरे होतात. बारा ते अठ्ठेचाळीस तासांत रोग प्रकट होतो व एक ते तीन दिवसांत उतरतो. परंतु बरें वाटूं लागल्यावरही रोग्याच्या शौचावाटे दोन आठवडे किंवा अधिक काळ विषाणु बाहेर पडत राहतो. सध्यां घरोघर आलेल्या सॅनिटायझरला तो फारसा जुमानीत नाहीं. ६० अंश सेल्सियसची उष्णताही तो सोसतो. हातांस साबण व वाहतें पाणी, आणि पुसावयाच्या वस्तूंस दहा लाखांत १००० ते ५००० भाग क्लोरीन असलेलें तीव्र पाणी, हाच त्यावर इलाज.

अमेरिकन सरकारच्या रोगनियंत्रण खात्यानें जहाजांच्या स्वच्छतेसाठीं १९७५ सालीं एक स्वतंत्र योजना सुरू केली. तिचे तपासनीस वर्दी न देतां जहाजावर चढतात आणि शंभरांपैकीं गुण देतात. ८६ गुणांस उत्तीर्ण, ८५ ला नापास! आमच्या वर्गांत पंचाऐंशी मिळविणारा मुलगा पेढे वाटीत असे. थंड अन्न ५ अंशांच्या वर जातां कामा नये, उष्ण अन्न ५७ अंशांच्या खालीं येतां कामा नये. पिण्याचें पाणी समुद्रापासून जहाजावरच करतां येतें. पण बंदरांत, नांगर टाकला असतां किंवा घाण पाण्यांत तें करावयाचें नाहीं, आणि नळाच्या अगदीं शेवटच्या टोकासही त्यांत क्लोरीनचा अंश सांपडलाच पाहिजे. एका सफरींत ३ टक्के उतारू किंवा नोकर आजारी झाले म्हणजे ती साथ जाहीर होते. २०१४ च्या जानेवारींत ‘एक्सप्लोरर ऑफ द सीज’ या जहाजावर ३०७१ उतारूंपैकीं ६३४ आजारी पडले, आणि कॅरिबियन समुद्रांतील सफर दोन दिवस आधींच आटोपून तें न्यू जर्सीस परतलें. मात्र तेवढ्यावरून आगबोटींना नांवें ठेवूं नयेत. अमेरिकेंत नोंदल्या जाणाऱ्या या रोगाच्या साथींपैकीं सुमारें १ टक्काच जहाजांवरील असतात. रुग्णालयें आणि वृद्धाश्रम यांचा वांटा फार मोठा आहे. जहाजांवर मोजणी होते म्हणून गवगवा होतो.

आमच्या खोलीची व्यवस्था पहाणारा गडी गोव्यांतील सासष्टीचा निघाला. त्याचे वडीलही तारवटीच होते. (जहाजावर नोकरी करणारास गोव्यांत हा शब्द आहे.) त्यानें सांगितलें कीं, स्वयंपाकघरांतला किंवा वाढपी मनुष्य आजारी पडला, तर पूर्ण बरा झाल्यावरही ४८ तास त्यास अन्नाजवळ फिरकूं देत नाहींत, इतर नोकरांस हीच मुदत २४ तासांची. “काका, आम्हांला नियम पाठ आहेत. पण उतारू लपवितात त्याला काय करावें?” असें तो म्हणाला.

चौथ्या रात्रीं भगिनीस उलट्या सुरू झाल्या. दुसरे दिवशीं सकाळीं जहाज ग्लेशियर बेंत शिरावयाचें होतें. तेथें दिवसाला दोनच मोठ्या प्रवासी जहाजांस प्रवेश मिळतो, आणि मार्जरी नांवाच्या हिमनदीसमोर जहाज कांहीं वेळ उभें राहतें. त्या बर्फासाठींच तर तिनें एवढें अंतर तोडलें होतें. सूनबाई म्हणाल्या, “आत्याबाई, सकाळपर्यंत वाट पाहूं, औषध आपल्याजवळ आहेच.” भगिनीनें मान हलविली. “दहा दिवसांचें सुतक पाळतों, तेथें कोणी बर्फ पहावयास निघत नाहीं. हें तर दोन दिवसांचें. दादा, टेलिफोन करा.” परिचारिका आली, नाडी पाहिली, आणि वांति-रेच थांबल्यापासून २४ तास खोलीबाहेर न पडण्यास सांगून गेली. खोली आंतल्या बाजूची, तिला खिडकी नाहीं. तांदळाची पेज मागितली तर मऊ भात, केळें व उकडलेला बटाटा आला. हिमनदी तिनें टेलिव्हिजनच्या पडद्यावर पाहिली. निळ्या बर्फाचा कडा कोसळला तेव्हां आम्ही वर गच्चीवर होतों, आणि तिला तो आवाजही ऐकूं आला नाहीं.

त्याच गच्चीवर आमच्या मेजावरचे एक गृहस्थ भेटले. रात्रभर त्यांसही तसेंच होत होतें. गोळ्या घेऊन, कोणास न सांगतां ते आले होते आणि दोन्ही हातांनीं कठडा धरून उभे होते. त्यांनीं हें मोठ्या हुशारीची गोष्ट म्हणून सांगितलें.

सोवळें आम्हीं लहानपणीं आजीच्या स्वयंपाकघरांत पाहिलें आहे. तें म्हणजे आपलें प्राचीन आरोग्यशास्त्रच, असें सांगणाऱ्यांशीं आमचें पटत नाहीं. त्यांत स्पर्शाचा विचार होता हें खरें. उष्टें-खरकटें वेगळें ठेवण्याची शिस्तही चांगलीच. परंतु चौकशी होई ती जातीची, वस्त्राची, स्नानाची. पोट बिघडलें आहे काय, हें कोणी विचारीत नसे. उलट, अंगांत ताप असतांही घरच्या बाईस चुलीपुढें बसावें लागे, कारण दुसरें सोवळ्यांत कोण? आणि ज्याच्या स्पर्शास आम्ही भीत होतों, त्याचे हात कदाचित् आमच्याहून स्वच्छ असत. आगबोटीवर सासष्टीच्या ख्रिस्ती गड्यानें आणलेला भात भगिनीनें निःशंकपणें खाल्ला. कठडा धरून उभे असलेले ते गृहस्थ मात्र आमच्याच पंक्तीचे होते. त्यांची हकीकत सांगतांच तिनें पहिला प्रश्न केला तो हा, “तुम्ही त्या कठड्याला हात लावलात का? मग आधीं धुऊन या.”

सिऍटलला उतरलों तेव्हां सकाळचे नऊ वाजले होते, आणि नवे उतारू दुपारींच चढावयाचे होते. निरोप घेतांना गड्यानें हस्तांदोलन टाळून नमस्कार केला. भगिनीनें त्याच्या मुलांची चौकशी केली. धाकटी सहावींत आहे, असें त्यानें सांगितलें. मग क्लोरीनच्या पाण्याची बादली उचलून, आमच्या खोलीचें दार सताड उघडें टाकून, तो आंत शिरला.