खुर्ची सोडणारा संचालक

११ डिसेंबर, अहमदाबाद
१९६१ साली याच तारखेला आयआयएम अहमदाबादची नोंदणी झाली. भाची इथेच शिकते, तिच्याबरोबर वस्त्रापूरच्या आवारात हिंडले. वास्तुरचनाकार लुई कान यांच्या विटांच्या भिंतींना ना गिलावा, ना रंग. कमान रुंद आणि बसकी; बाजूंना रेटणारा तिचा जोर काँक्रीटच्या पट्टीने खालून आवळून धरलाय. कोणाचा भार कोणावर, ते उघड्या डोळ्यांनी कळतं. कान यांना इथे आणण्यात वास्तुरचनाकार बाळकृष्ण दोशींचा मोठा वाटा. दोशी जन्माने पुण्याचे, शिकले आपल्या मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत.

१२ डिसेंबर
आज शाहीबाग. संस्थेची सुरुवात इथल्या एका बंगल्यात झाली. विक्रम साराभाई मानद संचालक, गिरणीमालक कस्तुरभाई लालभाईंचं वजन, मुख्यमंत्री जीवराज मेहतांचा पाठिंबा, फोर्ड फाउंडेशनचा पैसा, खऱ्या प्रकरणांवरून (‘केस’) शिकवण्याची हार्वर्डची पद्धत. ही नावं सगळेच घेतात. कमला चौधरींचं नाव मात्र मागे पडतं, आणि ते मला फार लागतं. ‘अटिरा’ या इथल्या वस्त्रोद्योग संशोधन संस्थेत गिरणी कामगारांचा मानसशास्त्रीय अभ्यास करून त्या इथे आल्या, अगदी पहिल्या अध्यापकांपैकी. साराभाईंच्या मागे इतर कामांचा व्याप. अभ्यासक्रम उभे करण्याचा रोजचा गाडा बाईंनी ओढला. पदविकेची पहिली तुकडी १९६४ ची.

१४ डिसेंबर, परतीच्या गाडीत
रवी मथाई डोक्यातून जात नाहीत. १९६५ मध्ये पहिले पूर्णवेळ संचालक झाले, तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती. शिकवणाऱ्यांनी एकत्र बसून निर्णय घ्यायचे, ही घडी त्यांनी बसवली. आणि १९७२ मध्ये, कोणी उठवलेलं नसताना, पदावरून उतरले. आपल्याकडे संस्था काढणाऱ्यांच्या पुढच्या पिढ्याही खुर्ची धरून बसतात. शिक्षणसंस्थांचं केवढं नुकसान झालंय त्याने! माझ्या मते आयआयएमची खरी स्थापना १९७२ ची.
काल भाचीला हे सांगितलं, तर म्हणाली, “मावशी, मग ते गेले कुठे?”
“कुठेच नाही गं. तिथेच प्राध्यापक म्हणून शिकवत राहिले.”
“नव्या संचालकाच्या हाताखाली?”
“हो. आणि पुढे राजस्थानात जवाजाला जाऊन विणकरांबरोबर, चामड्याचं काम करणाऱ्यांबरोबर बसले. आपला माल आपण कसा विकायचा, हे त्या लोकांना स्वतःच्या बळावर जमावं म्हणून.”
जवाजाबद्दल वर्गात काही शिकवतात का, ते विचारून कळवते म्हणाली.